पाडलेल्या इमारतीचं काँक्रीट खरंच कार्बन डायऑक्साइड शोषतं का? गोव्यात त्याचा उपयोग होईल का?

शोषतं, यात शंका नाही. पण मडगावची तुमची चाळीस वर्षांची इमारत पाडून निघणारं डेब्रिज 'ग्रीन' आहे आणि त्यावर कार्बन क्रेडिट (वायू कमी केल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) मिळतील, असं बिल्डर सांगतोय ना, तिथे जरा थांबा. मी फोंड्याकडे साइटवर काम करणारा सिव्हिलवाला आहे, त्यामुळे टिपरच्या बाजूने सांगतो.

सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत साधारण १४५० अंशांपर्यंत तापवतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो चुना उरतो. इंधनाचा धूर वेगळाच. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे तो यामुळे. पुढे काँक्रीट घट्ट झालं की त्यातलं कॅल्शियम हवेतला हाच वायू हळूहळू परत घेतं आणि पुन्हा चुनखडी बनते. शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा जुन्या घरांचा गिलावा याच क्रियेने कडक व्हायचा. २०१६ साली 'नेचर जिओसायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, १९३० ते २०१३ या काळात सिमेंटसाठी चुनखडी भाजून जेवढा वायू बाहेर पडला, त्यातला सुमारे ४३ टक्के सिमेंटच्याच वस्तूंनी परत घेतला. मोठा वाटा गिलाव्याचा आणि विटा सांधायच्या मॉर्टरचा, कारण थर पातळ. इंधनाचा धूर या हिशेबात नाही, हे मात्र लोक सांगायचं विसरतात.

उभ्या इमारतीत हीच गोष्ट रोग असते. वायू आत शिरत गेला की काँक्रीटचा अल्कधर्मी गुण उतरतो, सळीला गंज चढतो, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. त्यात आपल्याकडे समुद्राचं मीठ. तुमची इमारत पाडायची वेळ आली त्यामागे बहुधा हेच असेल. म्हणजे थोडाफार वायू तिने आधीच पोटात घेतलेला आहे. किती, ते बघायला सोपी चाचणी आहे. काँक्रीट ताजं फोडायचं आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन (अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं रसायन) मारायचं. गुलाबी झालं तर तिथे अजून जागा आहे, रंग आला नाही तर तो भाग भरलेला. बाहेरचा थर बिनरंगाचा आणि आत गुलाबी, असं साधारण दिसतं. म्हणून फोडणं महत्त्वाचं: आतला गुलाबी भाग हवेला भेटला पाहिजे. सिमेंटची पेस्ट जास्त करून बारीक चुऱ्यात जाते, त्यामुळे खडीपेक्षा चुरा अधिक कामाचा.

आता गोव्याची अडचण. आपल्या डेब्रिजमध्ये चिरे, कौलं, लाद्या, माती बरीच असते. चिऱ्याचा यात काही उपयोग नाही. शिवाय काँक्रीटची भोकं पाण्याने भरली की वायू आत जाणं जवळपास थांबतं, आणि अगदी कोरडं असलं तरी क्रिया होत नाही. ५० ते ७० टक्के आर्द्रता त्याला मानवते. जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेला ढीग नुसता भिजत राहील. छप्पर हवंच.

स्वित्झर्लंडमध्ये नॉयस्टार्क नावाची कंपनी बायोगॅसमधून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड फोडलेल्या काँक्रीटवर सोडते. हवेत वर्षं लागतात ते काम तिथे काही तासांत होतं. काँक्रीटच्या टनाला साधारण १० किलो वायू बसतो. कागदावर आकडा याहून मोठा दिसतो: टनभर काँक्रीटमध्ये १३० किलोच्या आसपास सिमेंट, म्हणजे कमाल ६०-६५ किलो वायू. पण हातात येतात ते दहाच धरा.

मग टिपरचा हिशेब करू. १० टनांचा टिपर म्हणजे १०० किलो वायू. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ३७ लिटरमध्ये सगळं फिटलं. भरलेला टिपर लिटरला तीन-चार किलोमीटर जातो. क्रशरचा खर्च, वायू आणायचा खर्च त्यावर. तालुक्यातल्या तालुक्यात फोडून तिथेच वापरलं तर जमेल, गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणचं डेब्रिज उत्तर टोकाच्या पेडण्याला नेलं तर काही उरत नाही.

माझ्या मते खरा फायदा वायूत नाहीच, खडीत आहे. आयएस ३८३ (२०१६) या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटची पुनर्वापराची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ ताकदीपर्यंतच्या आरसीसीत (सळी घातलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्क्यांपर्यंत चालते, आणि एम-१५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण चालते. किनाऱ्याजवळच्या इमारतीची खडी मात्र मी आरसीसीत घालणार नाही, मिठामुळे. पेव्हर, रस्त्याखालचा थर, पीसीसी (बिनसळीचं काँक्रीट), तिथे खुशाल वापरा. तेवढा डोंगर कमी पोखरला जाईल.

आता क्रेडिट. समजा तुमच्या इमारतीतून ५०० टन काँक्रीट निघालं. टनाला १० किलो धरून झाले ५ टन वायू. आपल्याकडच्या सिमेंटच्या हिशेबात ते साधारण दीडशे पोत्यांचं उत्सर्जन. नव्या इमारतीला हजारांत पोती लागतील. म्हणून बिल्डरशी भांडायचंच असेल तर क्रेडिटवर नको, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) मिसळलेलं सिमेंट वापरणार का यावर भांडा. त्यात क्लिंकर (चुनखडी भाजून भट्टीतून निघणारा माल) कमी लागतो, म्हणजे वायू मुळातच कमी निघतो.

आणि डेब्रिज कुठे जाणार ते सोसायटीच्या करारात लिहून घ्या, जागेच्या नावासकट. चिरे, लाकूड, काँक्रीट वेगवेगळं काढायची जबाबदारी केंद्रीय नियमांनीच पाडणाऱ्यावर टाकलेली आहे. नाहीतर रात्री टिपर कुठल्यातरी खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत) रिकामा होतो, आणि काँक्रीटमधून झिरपलेलं अल्कधर्मी पाणी शेजारच्या भातात उतरतं. तिथे कार्बन शोषला गेला काय आणि न गेला काय.