चौदाव्या दिवसाचा घोळ

"लग्नाला दोन वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. हिच्यातच काही दोष असेल का हो ताई?" खेडच्या बाजूच्या एका वाडीतून आलेल्या सासूबाई खुर्चीत बसण्याआधीच बोलल्या. सून २४ वर्षांची. तिच्या पिशवीत तीन सोनोग्राफ्यांचे रिपोर्ट होते आणि तिन्हींत वावगं काही नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते आहे.)

"मिस्टर कुठे असतात?" मी विचारलं.

"मुंबईला. कुर्ल्याला चौघांत मिळून खोली घेतलीय."

पुढचे प्रश्न सासूसमोर विचारण्यासारखे नव्हते, म्हणून सासूबाईंना मी जरा बाहेर बसायला सांगितलं. मग आम्ही दोघींनी रात्री मोजल्या. गणपतीला आठ, शिमग्याला सहा, मे महिन्यात दहा, एरवी महिन्याला दोन. वर्षाला जेमतेम चाळीस-बेचाळीस. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करतात, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच. पण त्या वर्षात नवरा-बायको एकत्र राहतात आणि दर दोन-तीन दिवसांनी संबंध येतो, असं धरलेलं असतं. अशा १०० जोडप्यांपैकी ८० हून अधिक जणांकडे वर्षाच्या आत गोड बातमी येते. हिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण तसं एक वर्षही अजून भरलं नव्हतं.

"पण आम्ही चौदावा दिवस बघूनच सुट्टी काढतो," ती म्हणाली. मोबाइलवर कुठेतरी ऐकलेलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो दाखवले. पाळीच्या तारखांना लाल गोल आणि नवरा येणार त्या तारखांवर बारीक टिंब. गोल मोजले तर तिची पाळी ३४-३५ दिवसांनी येत होती.

इथेच सगळं अडलं होतं. चौदावा दिवस हा २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा हिशोब. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे ३५ दिवसांची पाळी असेल तर २१ व्या दिवसाच्या आसपास. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ कामाचा. हिचा नवरा तेराव्या-चौदाव्या दिवशी येऊन पंधराव्याला पहाटेच्या गाडीने परत जायचा. दार उघडायच्या आधीच पाहुणा निघून गेल्यासारखं! काही बायका पाळीचा पहिला दिवस चौथ्या-पाचव्या दिवशी न्हायल्यापासून धरतात, तेही चूक. रक्तस्राव सुरू होतो तो दिवस पहिला.

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला मधे मधे पांढरं जातं. त्याच्या गोळ्या घेते." कसं असतं ते विचारलं. पारदर्शक, बुळबुळीत, बोटांत ताणलं तर तार धरणारं, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. खाज नाही, वास नाही. मला तिचा हात धरावासा वाटला. ज्या खुणेवरून बीज सुटायची वेळ जवळ आल्याचं कळतं, तिलाच ही पोर दोन वर्षं आजार समजत होती. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा गठ्ठा किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. हे तसलं नव्हतं.

नवऱ्याशी मी फोनवर बोलले. वीर्यतपासणीचं नाव काढताच तो गप्प झाला. "माझ्यात काय असणार ताई?" तोवर बायकोच्या तीन सोनोग्राफ्या झाल्या होत्या आणि याची एकही तपासणी नव्हती. हे मला दर वेळी खुपतं. मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण असणं मुळीच दुर्मिळ नाही, आणि त्याची तपासणी सगळ्यात सोपी. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, इतकंच. मी त्याला आईचा नाही, बायकोचा विचार करायला सांगितलं. आठवड्याने तो गेला. संख्या ठीक होती, हालचाल थोडी कमी. तो दिवसभर तंबाखू मळायचा, ती सोडायला सांगितली. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे पुढची तपासणी तीन महिन्यांनी. सुनेचं थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघून घेतलं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू केली. दिवस राहायची वाट बघून ती सुरू करण्यात अर्थ नसतो. ती गोळी ज्यासाठी लागते ती बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, तेव्हा कित्येक बायकांना पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं.

सासूबाईंना मी कॅलेंडर उघडून सगळं दाखवलं. त्या बराच वेळ टिंबांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे पोरगीला आम्ही उगाच बोल लावला." शिमगा झाल्यावर त्यांनीच तिला मुंबईला धाडलं, धाकट्या दिराच्या बिऱ्हाडाशेजारी वेगळी खोली बघून. दिवस मोजू नका, दोन-तीन दिवसांआड जवळ या, एवढंच मी दोघांना सांगितलं. तारखा बघून संबंध ठेवायचं दडपण पुरुषांनाही झेपत नाही.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. आवाजात आनंद होता आणि घाबरेपणाही. शेवटची पाळी ३ जूनला, म्हणून कार्डावर बाळंतपणाची तारीख पडली १० मार्च, नऊ महिने सात दिवस धरून. हा हिशोबही बीज चौदाव्या दिवशी सुटतं असं धरूनच असतो. पण पहिल्या सोनोग्राफीत बाळ साडेआठऐवजी साडेसात आठवड्यांचं दिसलं. ठोके नीट होते. "एक आठवड्याने वाढ मागे आहे का हो?"

"तुझं बीज कितव्या दिवशी सुटतं, आठव," मी म्हटलं.

फोनवर थोडी शांतता. मग ती म्हणाली, "एकविसाव्या. म्हणजे बाळ राहिलंच एक आठवडा उशिरा."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "मग तारीख कुठली धरायची, विचार त्यांना. मला बाळंतपणाला जायचंय, तिकीट आधी काढावं लागतं."

"पहिल्या सोनोग्राफीची," मी सांगितलं. "१७ मार्च. पण तुम्ही दोन-तीन आठवडे आधीच जा."