पक्षीवाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात अंबाझरी उद्यानात सारखी शेपटी उडवणारा छोटा माशीमार दिसला. तो रेड-ब्रेस्टेड की टायगा, कसं ओळखावं? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दोघेही हिवाळी पाहुणे, जेमतेम 11-12 सेंमीचे. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडचे पांढरे पट्टे दोघांनाही असतात, त्यावर जाऊ नका. डिसेंबरात गळा गडद नारिंगी असेल तर तो रेड-ब्रेस्टेडचा प्रौढ नर; टायगा नराला हा रंग साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये चढतो, आणि तोही गळ्यापुरताच. खाली राखाडी छाती.

खरी पंचाईत माद्या आणि तरुण पक्ष्यांची. तिथे आधी चोच पाहा: टायगाची जवळजवळ पूर्ण काळी, रेड-ब्रेस्टेडची खालची चोच बुडाशी फिकट. मग शेपटीच्या वरची झाकणपिसं, म्हणजे शेपटीचं बूड वरून झाकणारी छोटी पिसं. टायगात ती शेपटीहूनही काळीभोर असतात, पण मिटलेल्या पंखांखाली लपतात. म्हणून पक्षी पंख खाली सोडून शेपटी उभारतो, नेमका त्याच क्षणी पाठीमागून फोटो घ्या. कडक उन्हात काळी चोचही चकाकून फिकट भासते. सावलीतला फोटो जास्त भरवशाचा.

आवाजही जरूर रेकॉर्ड करा. दोघेही ‘टर्रर्र’ करतात, मात्र टायगाची टर्रर्र इतकी जलद की ठोके सुटे ऐकूच येत नाहीत.