उत्तर: ताळा जुळवायची सवय आणि पटावरचं घड्याळ

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. कंपनीत अकाउंट्स सांभाळता, रेटिंग 1500 च्या आसपास, 90 मिनिटं अधिक चालीमागे 30 सेकंद अशा स्पर्धांत विसाव्या चालीलाच घड्याळात सात-आठ मिनिटं उरतात आणि बरा चाललेला डाव हातचा जातो. शेवटी विचारलंय, ‘आकडेमोडीच्या नोकरीतल्या माणसाला बुद्धिबळ आवडतं खरं, पण मानवत नाही का?’ मी लेखापरीक्षणात आहे, म्हणून लिहितोय. मी प्रशिक्षक नाही. पुढचं सगळं नोकरी सांभाळून स्पर्धा खेळणाऱ्याचं मत म्हणून घ्या. रोज कोडी सोडवणं, एंडगेमचा (मोजकी मोहरी उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्याचा) पाया वगैरे तुम्ही करतच असाल, ते सोडून देतो.

पेशा आड येतो म्हणावं तर इतिहास तसं सांगत नाही. माक्स ऑयवे ॲमस्टरडॅमला मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे आणि 1935 मध्ये तेव्हाचे जगज्जेते अलेखाइन यांना हरवून जगज्जेते झाले. बोटविनिक विद्युत अभियंते होते. जगज्जेतेपद 1948 चं, अभियांत्रिकीतली डॉक्टरेट त्यानंतरची. इतर नामवंत खेळाडूंत टाराश डॉक्टर, बर्नस्टाइन वकील, टाइमानोव पियानोवादक. रशियातले ट्रॉइट्स्की वनखात्यात नोकरीला होते. दोन घोडे विरुद्ध एक प्यादं या एंडगेममध्ये ते प्यादं कोणत्या घरापर्यंत रोखलेलं असलं तर मात होते, हे त्यांनी शोधलं आणि ती सीमारेषा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इतकं चिवट, घड्याळाविना चालणारं विश्लेषण त्या नोकरीला शोभतं असं मला वाटतं, पण हा माझा तर्क.

मग पेशातून पटावर येतं काय? ज्ञान येत नाही, याबद्दल माझी खात्री आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी 1973 मध्ये दाखवलं की खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद पाहून मास्टर ती जवळजवळ तशीच मांडतो, पण तीच मोहरी वाटेल तशी विस्कटून ठेवली की त्याची आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे स्मरणशक्ती त्या पटापुरती, पाहिलेल्या आकृत्यांपुरती. हेच उलट बाजूनेही धरा: तुम्ही वीस वर्षं ताळेबंद पाहिलेत म्हणून कमकुवत घरं आपोआप दिसणार नाहीत. पेशातून येते ती एकच गोष्ट, ‘झालं, आता पुढे’ असं कधी म्हणायचं याची सवय. खेळाची गोडीही तिथूनच लागते आणि डावही तिथेच जातो.

आपल्या कामात पाच रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत चैन पडत नाही, कारण पाच रुपयांच्या निव्वळ फरकामागे दोन मोठ्या विरुद्ध चुका दडलेल्या असू शकतात. सवय योग्यच आहे. बुद्धिबळ आपल्याला आवडतं तेही यासाठीच: सगळं पटावर उघडं, लपवलेली नोंद नाही, आणि हरलो तर नेमकी कुठल्या चालीला हरलो ते शोधता येतं. पण मधल्या डावातली स्थिती कधीच ताळ्याला येत नाही. साधारण 30 चाली शक्य असतात, प्रत्येकीला तितकीच उत्तरं धरली तर एकेका चालीतच 900 शक्यता होतात. त्यात आपण एकच ओळ तीनदा मोजतो, जशी बेरीज वरून खाली आणि खालून वर करतो तशी. दुसऱ्या मोजणीत नवं काही निघत नाही, फक्त धीर येतो. आणि त्या धीराची किंमत दर वेळी दोन-तीन मिनिटं.

आता मला सगळ्यात महाग पडलेली चूक. वेळ कमी पडतो म्हणजे माहिती कमी पडते, असं धरून मी दोन वर्षं फक्त ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ केली. तुमच्या पोस्टमध्येही ‘आता नवीन ओपनिंगचा कोर्स घेतोय’ असं वाक्य आहे, म्हणून इथे थांबून सांगतो: घेऊ नका. निदान आधी घड्याळ तपासल्याशिवाय नको. ओपनिंग पाठ असली की पहिल्या बारा चालींत फार तर आठ-दहा मिनिटं वाचतात. ती शिल्लक राहत नाहीत. सोळाव्या-सतराव्या चालीला पाठांतर संपतं, समोर अनोळखी स्थिती येते, घड्याळात 85 मिनिटं दिसतात आणि ‘आज वेळ आहे’ म्हणून माणूस एका चालीवर 22 मिनिटं घालवतो. गळती विसाव्या चालीच्या आसपास आणि डागडुजी पहिल्या चालीला, असा तो प्रकार. शिवाय हिशेब साधा आहे: रेटिंगचा के-गुणांक (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) 20 असताना बरोबरीच्या खेळाडूकडून हरलं की 10 गुण जातात. एका स्पर्धेत तीन डाव घड्याळापायी गेले की 30 गुण गेले. तेवढे भरून काढायला कुठलीही ओपनिंग पुरत नाही.

औषध आपल्याच कामात आहे. आपण शंभर टक्के व्हाउचर तपासतो का? नाही. एसए 320 या लेखापरीक्षण मानकाप्रमाणे किती फरक महत्त्वाचा धरायचा ती मर्यादा आधी ठरवतो (करपूर्व नफ्याच्या 5 टक्के हा नेहमीचा ठोकताळा), एसए 530 प्रमाणे नमुना घेतो, आणि जिथे धोका जास्त तिथेच खोल उतरतो. पटावर मात्र हे सगळं विसरून पावती-पावती बघत बसतो. तर मर्यादा ठरवा. दोन चालींमधला फरक एका प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल असं वाटलं, म्हणजे हत्ती डी-वर की ई-वर छापाचा प्रश्न असेल, तर तीन मिनिटांच्या वर एक सेकंद नाही. जिथे शह, मार किंवा थेट धमकी आहे, राजासमोरची प्यादी उघडतायत, किंवा वजिरांची अदलाबदल करून एंडगेममध्ये उतरायचं की नाही हा निर्णय आहे, तिथे खोल मोजा, बारा-पंधरा मिनिटं गेली तरी चालेल. अशा जागा एका डावात तीन-चारच असतात. त्या ओळखणं हेच खरं कौशल्य.

मोजताना आधी दोन-तीन चालींची नावं मनात घ्या आणि मगच खोल जा. तीन चाली, प्रत्येकी तीन उत्तरं, त्यावर तीन प्रत्युत्तरं म्हणजे 27 स्थिती, माणसाला झेपणाऱ्या. एक ओळ मोजून झाली की तिच्यावर निर्णय द्या: बरी, वाईट, अस्पष्ट. ‘अस्पष्ट’ हाही निर्णय आहे. परत त्या ओळीत शिरू नका. चाल करण्याआधी फक्त 20 सेकंद प्रतिस्पर्ध्याचे शह, मार, धमक्या बघा. हीच तुमची अखेरची तपासणी, तिच्यानंतर दुसरी नाही. आपल्याकडे चुकीची नोंद दुरुस्तीच्या नोंदीने उलटवता येते, इथे मोहऱ्याला मुद्दाम हात लावला की ते हलवावंच लागतं, म्हणून ही 20 सेकंद कधीच वाचवू नका.

घड्याळाचं अंदाजपत्रक: 90 अधिक 30 मध्ये 40 चालींसाठी एकूण 110 मिनिटं मिळतात, म्हणजे चालीला सरासरी पावणेतीन. पहिल्या 10 चालींवर 10 मिनिटं खर्च केली तर घड्याळ 85 दाखवेल. 11 ते 25 वर 50 मिनिटं खर्चा, घड्याळ साडेबेचाळीसवर येईल. मग उरलेल्या 15 चालींना इंक्रिमेंटसकट (दर चालीला वाढून मिळणाऱ्या 30 सेकंदांसकट) 50 मिनिटं मिळतात, चालीला तीनच्या वर. दहाव्या चालीला 80 च्या खाली किंवा पंचविसाव्याला 35 च्या खाली असाल, तर पुढची अनिवार्य नसलेली प्रत्येक चाल तीन मिनिटांत. प्रत्येक चालीपुढे स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) उरलेली मिनिटं लिहा, नियमाला ते चालतं. चाल मात्र खेळण्याआधी लिहायची नाही (बरोबरीचा दावा करताना सोडून), आधी कागदावर मग प्रत्यक्ष ही ऑफिसातली सवय इथे नियमबाह्य ठरते. आणि 30 सेकंदांचं इंक्रिमेंट असेल तर शेवटच्या मिनिटातही लिखाण सुटत नाही, चार-पाच सेकंद त्यात जाणार हे धरून चाला.

डाव संपल्यावर इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम) लावण्याआधी त्या मिनिटांच्या रकान्यातले तीन सर्वात लांब विचार काढा. प्रत्येकासमोर लिहा: पाचव्या मिनिटाला जी चाल मनात होती, तीच शेवटी खेळली का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. दहा डावांचा असा तक्ता केलात की ओपनिंगच्या कोर्सचे पैसे कुठे वाचतात ते दिसेल.

बाकीच्या पेशांचं थोडक्यात, कारण खाली दोघांनी विचारलंय. सॉफ्टवेअरमधल्यांना चालवून बघण्याची आणि मागे घेण्याची सवय असते. त्यांनी ऑनलाइन ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) कमी करून खऱ्या पटावर खेळावं आणि इंजिन किमान एक दिवस बंद ठेवावं. डॉक्टर मंडळी आकृती चटकन ओळखतात, पण पहिल्या निदानाला चिकटतात. ‘दुसरं काय असू शकेल?’ हा त्यांचाच प्रश्न पटावर एकदा विचारला तरी पुरे. हे सरसकट लागू नाही, माणसागणिक बदलतं. कर्ज मंजुरीच्या किंवा विम्याच्या कामात अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणाऱ्यांना कधीकधी ब्रिज जास्त रुचतो, असं माझं मत. ज्यांची शिफ्ट बदलते त्यांनी दिवसाला एक चाल असलेले डाव खेळावेत, लिचेस या संकेतस्थळावर ते फुकट आहेत. आणि पटावरच्या इतर खेळांतही हाच दोष दिसतो. कटान या खेळात दोन फाशांची बेरीज 6 किंवा 8 येण्याची शक्यता प्रत्येकी 36 मध्ये 5 हे एकदा कळल्यावर प्रत्येक वस्तीसाठी पुन्हा गणित मांडून टेबल अडवू नये.

आता एक कटू भाग. नोकरदारांसाठी बायचा (आधी कळवून एखादी फेरी न खेळण्याचा) नियम जीव की प्राण असतो. एका स्पर्धेच्या कार्यालयाने मला शुक्रवारच्या फेरीसाठी अर्ध्या गुणाचा बाय फोनवर ‘हो, चालेल’ म्हणून दिला आणि नंतर ‘आमच्याकडे नोंद नाही’ म्हणून हात वर केले. पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार याची यादी) लागलं, डाव गैरहजेरीने गेला, शून्य गुण. समोर प्रवेशिका भरून आलेला माणूसही बिचारा न खेळता बसला. रजा, प्रवास, शुल्क सगळं करून हे ऐकून घ्यायचं, याचा राग अजून आहे. म्हणून: बायची मागणी पहिल्या फेरीआधी, ईमेलने, फेरीचा क्रमांक लिहून करा आणि लेखी होकार येईपर्यंत पैसे भरू नका. शेवटच्या फेऱ्यांना बाय मिळतो का, हे माहितीपत्रकात पाहा, प्रत्येक स्पर्धेचं वेगळं असतं. तिथेच उशिराची सवलत किती मिनिटांची आहे तेही पाहा. ती दिलेलीच नसेल तर नियमाप्रमाणे शून्य मिनिटं धरतात, म्हणजे ऑफिसातून धावत पोचेपर्यंत डाव गेलेला असतो.

तारखाही आपल्या कामाच्या हिशेबाने निवडा. महिन्याची 11 आणि 20 या जीएसटीच्या तारखांच्या लगतचा शनिवार-रविवार टाळा, एप्रिलमध्ये वर्षअखेरीचं काम, जुलै आणि सप्टेंबरचे शेवटचे आठवडे तर नकोच. मे महिना त्यातल्या त्यात मोकळा, आणि सुट्टीमुळे स्पर्धाही तेव्हा जास्त. एका दिवसात तीन क्लासिकल (लांब वेळेच्या) फेऱ्या ठेवणारी स्पर्धा नोकरी करणाऱ्याने घेऊ नये, तिसऱ्या फेरीत वरचं एकही अंदाजपत्रक पाळलं जात नाही. दोन फेऱ्यांची शोधा. पुढच्या स्पर्धेची मिनिटांसह स्कोअरशीट इथे टाकलीत तर विसाव्या चालीच्या आसपासचं मी बघून सांगेन.