वाचक विचारतात : पाचशे सीसीच्या रेसगाड्या आणि त्यांची पिलावळ

छोटं इंजिन, एकच सीट आणि बेताचा खर्च, अशा रेसगाड्यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

मोटरसायकलचं इंजिन लावून रेसगाडी करायची, ही कल्पना मुळात कोणाची? — सांगली

अशा तुरळक गाड्या आधीही होत्या, पण 500 सीसीचा वर्ग म्हणून तिला रूप दिलं ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हौशी मंडळींनी, 1946 साली. युद्ध नुकतंच संपलं होतं. पेट्रोल रेशनवर मिळत होतं आणि ब्रुकलँड्सचा जुना रेस ट्रॅक विकला गेला होता. विमान कारखान्याच्या वर्तुळातल्या काही जणांनी, ज्यांत डिक सीझर हे नाव पुढे होतं, एक साधी चौकट आखली : इंजिन 500 सीसीपर्यंत आणि सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नाही. हा आकडा निवडण्यामागे व्यवहार होता. इंग्लंडात 500 सीसीच्या मोटरसायकली उदंड होत्या, त्यांची इंजिनं, गिअरबॉक्स, क्लच भंगारातही मिळत आणि दुरुस्त करणारे गल्लोगल्ली होते.

पहिल्या गाड्या म्हणजे जुळवाजुळवच होती. कॉलिन स्ट्रँगने फियाट 500 च्या सांगाड्यात मागे व्हिन्सेंट एचआरडीचं इंजिन बसवलं. सर्बिटनच्या चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी त्याच फियाटचे, म्हणजे ‘टोपोलिनो’चे, पुढचे दोन अर्धे भाग पाठीला पाठ लावून जोडले. यात डोकं होतं. टोपोलिनोच्या पुढच्या चाकांना आडव्या पाट्याचं स्वतंत्र सस्पेन्शन होतं. तेच मागेही आल्यामुळे चारही चाकं स्वतंत्र झाली, आणि तेही नवं काही न घडवता.

ट्रॅकचा प्रश्न युद्धानेच सोडवला, कारण रिकाम्या पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या मोकळ्या होत्या. जुलै 1947 मध्ये ग्रॅन्सडन लॉजच्या धावपट्टीवर 500 सीसीची शर्यत झाली, ती एरिक ब्रँडनने कूपरवर जिंकली. सप्टेंबर 1948 मध्ये गुडवुड ट्रॅकच्या उद्घाटनाला याच वर्गात जिंकला तो नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला स्टर्लिंग मॉस. 1950 पासून या वर्गाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि नाव पडलं फॉर्म्युला 3. किमान वजन 200 किलो.

इंजिन मागे ठेवण्यामागे रस्ता-पकडीचं शास्त्र होतं का? — ठाणे

सुरुवातीला नव्हतं, कारण होतं चेन. मोटरसायकलचा गिअरबॉक्स चेननेच चाक फिरवतो. इंजिन पुढे ठेवलं तर ड्रायव्हरच्या खालून किंवा बाजूने लांबलचक चेन न्यावी लागते किंवा शाफ्ट आणि काटकोनी गिअर घालावे लागतात. मागे ठेवलं की हातभर चेनमध्ये काम भागतं. फायदे नंतर कळले : ड्रायव्हर खाली बसतो, गाडी बुटकी होते, वजन मागच्या चाकांवर येतं. कूपरनी हीच मांडणी मोठ्या गाड्यांत नेली. जानेवारी 1958 मध्ये मॉसने अशाच कूपरवर अर्जेंटिना ग्रां प्री जिंकली, 1959 आणि 1960 ची विश्वविजेतेपदं जॅक ब्रॅबमने कूपरवरच घेतली, आणि पुढे इंजिन असलेली फॉर्म्युला 1 गाडी बघता बघता हद्दपार झाली.

जॅप आणि नॉर्टन या इंजिनांत नेमका फरक काय? इतक्या लोकांनी जॅप सोडून नॉर्टन का धरलं? — कोल्हापूर

दोन्ही मोटरसायकलची इंग्लिश इंजिनं. जॅपचं स्पीडवेचं (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचं) इंजिन म्हणजे एक सिलिंडर, 80 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 99 मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), वर पुशरॉडने, म्हणजे खालून ढकलणाऱ्या दांड्यांनी, चालणारे व्हॉल्व्ह. हलकं, स्वस्त आणि खालच्या आरपीएमपासून (मिनिटातल्या फेऱ्यांपासून) दणकून ओढणारं. पण ते बनवलं होतं मातीच्या ट्रॅकवरच्या चार फेऱ्यांसाठी, म्हणजे जेमतेम मिनिटभराच्या कामासाठी. ऑइल एका बाजूने आत जायचं आणि वापरून बाहेर पडायचं, पुन्हा टाकीत फिरून येत नसे. हेच इंजिन पंधरा-वीस मिनिटं डांबरावर पिदडलं की ऑइलचा हिशोब चुकायचा. कमी सोडलं तर पिस्टन धरायचा, जास्त सोडलं तर प्लग ओला व्हायचा. एका सिलिंडरच्या हादऱ्याने इंजिनाच्या पट्ट्या, टाकीचे कान, मॅग्नेटोचे बोल्ट तडकायचे ते वेगळंच.

नॉर्टन मँक्सचं इंजिन लांब पल्ल्याच्या रस्ता-शर्यतींसाठी घडलेलं. हेडवर व्हॉल्व्ह चालवणारे दोन कॅमशाफ्ट, ऑइल टाकीत परत फिरणारं. वरच्या आरपीएमला ते जॅपच्या कितीतरी पुढे जायचं आणि शर्यत पूर्ण करायचं. 1951 नंतर पुढच्या रांगेत राहायचं तर नॉर्टन हवंच, अशी स्थिती झाली.

गोम अशी, की नॉर्टन सुटं इंजिन सहसा विकत नसे. मग अख्खी मोटरसायकल घ्यायची, इंजिन काढून गाडीत घालायचं आणि उरलेली फ्रेम विकून टाकायची. नॉर्टनची ती फेदरबेड फ्रेम उत्तमच होती. अशा रिकाम्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाच्या मोटरसायकली तयार झाल्या, त्यांच्या वाढीत या रेसगाड्यांचा हात आहे. पण नियम करणाऱ्यांचा हिशोब इथेच फसला. इंजिनाचा आकार बांधला, त्याची किंमत मोकळी सोडली.

या गाड्या मिथेनॉलवर चालत असं वाचलं. पेट्रोलच्या इंजिनात नुसतं मिथेनॉल ओतून चालेल का? — नाशिक

अजिबात नाही, पिस्टनला भोक पडेल. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, एक किलो मिथेनॉलला फक्त 6.4 किलो. तेवढ्याच हवेत वजनाने सव्वादोन पट इंधन जायला हवं. शर्यतीत तर त्याहूनही जास्त सोडतात. म्हणून नुसता मेन जेट (कार्बोरेटरमधलं इंधनाचं मुख्य भोक) मोठा करून भागत नाही. फ्लोटची सुई आणि तिची सीट, टाकीचा नळ, पाइप, सगळा रस्ता रुंद करावा लागतो. नाहीतर गाडी उभी असताना झकास फटके मारते आणि लांब सरळ पट्ट्यावर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली इंधनाची वाटी) रिकामं होऊन लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालते. नवशिक्याचं इंजिन बहुतेक वेळा असंच जातं.

एवढा खटाटोप का, तर मिथेनॉल वाफ होताना प्रचंड उष्णता ओढून घेतं. इंजिन आतून थंड राहतं, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) होत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, 14:1 च्या आसपास नेता येतं. हवेने थंड होणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनाला हे वरदानच.

ऑइल एरंडेलाचं. ते मिथेनॉलमध्ये विरघळतं आणि तापलेल्या धातूला धरून राहतं. खनिज ऑइलमध्ये मात्र ते मिसळू नये, चिकट गाळ होऊन ऑइलच्या वाटा बुजतात. आधी दुसरं ऑइल वापरलं असेल तर इंजिन खोलून धुवावं.

शर्यत संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून थोड्या पेट्रोलवर इंजिन चालवून घेत. हे टाळलं तर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आठवड्याभरात कार्बोरेटरच्या आत पांढरी भुकटी धरते, तीच पुढच्या वेळी जेटमध्ये अडकते. आणखी एक : मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पाण्याने ती विझते, म्हणून भरताना शेजारी पाण्याची बादली हवीच.

चेनवर चालणाऱ्या या गाडीत डिफरन्शियल नव्हतं म्हणे. मग वळणात काय व्हायचं? आणि ट्रॅकप्रमाणे गिअरिंग कसं बदलत? — सोलापूर

कूपरमध्ये मागचं मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) सांगाड्यावर बसवलेल्या छोट्या शाफ्टवर असायचं आणि तिथून दोन्ही चाकांना सांधे असलेले शाफ्ट. स्प्रॉकेट सांगाड्यावर असल्यामुळे सस्पेन्शन वरखाली झालं तरी चेनचा ताण बदलत नसे. वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. आवळ वळणात गाडी नाक बाहेर काढते. हलकी गाडी आणि अरुंद टायर, म्हणून ते सांभाळून घेता येई. ड्रायव्हर आधी गाडी थोडी आडवी टाकत आणि मग थ्रॉटलवर ओढून नेत. वेग मात्र पडू द्यायचा नाही, एका सिलिंडरला तो परत मिळवायला वेळ लागतो.

गिअरिंगचा हिशोब कागदावर होतो. समजा इंजिन 6000 आरपीएम, वरच्या गिअरला एकूण रेशो 4.5 आणि चाकाचा व्यास 60 सेंमी. चाक मिनिटाला 1333 वेळा फिरेल, परिघ 1.885 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 151 किमी. इंजिनाचं स्प्रॉकेट 20 दात्यांऐवजी 21 चं घातलं की तेवढ्याच आरपीएमला वेग 158. सरळ पट्टा संपण्याआधीच इंजिन फिरून फिरून थकत असेल तर एक दाता वाढवायचा, पट्टा संपला तरी आरपीएम चढत नसेल तर कमी करायचा.

क्रम चुकवू नये. गिअरबॉक्स सरकवून आधी इंजिनाकडची चेन ताणायची, मागची नंतर, कारण गिअरबॉक्स हलला की मागचा ताण बदलतोच. चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल तर ताठ जागेवर ढील मोजायची. सैल जागेवर मोजून आवळलेली चेन बेअरिंग खाते.

हा वर्ग बंद का पडला? त्याच्या जागी काय आलं? — बेळगाव

महाग इंजिन आणि मोटरसायकलच्या चेनवर शिकलेला ड्रायव्हर मोठ्या गाडीत गेला की सगळंच वेगळं, ही दोन कारणं. इटलीचे काउंट जोव्हानी लुरानी यांनी फॉर्म्युला ज्युनिअर हा नवा वर्ग पुढे आणला, तो 1959 ते 1963 आंतरराष्ट्रीय पातळीवर चालला. इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीचं, 1000 सीसीला किमान 360 किलो, 1100 ला 400. फियाटच्या इंजिनावर इटालियन दोन वर्षं खुश होते. मग मागे इंजिन असलेली लोटस 18 आणि कॉसवर्थ या इंजिन कंपनीने फुलवलेलं फोर्डचं 997 सीसी इंजिन आलं आणि खर्च पुन्हा आभाळाला भिडला.

अमेरिकेत फॉर्म्युला व्ही हा वर्ग बराच स्वस्त राहिला. फोक्सवॅगन बीटल मोटारीचं 1200 सीसी इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, तिचाच पुढचा अॅक्सल, तिचेच ड्रम ब्रेक. दोष मागच्या स्विंग अॅक्सलचा (चाकासकट वरखाली झुलणाऱ्या अॅक्सलचा) : जोरात वळताना बाहेरचं चाक आत मुडपतं आणि गाडीचं बूड वर उचललं जातं. पुढे मागच्या सस्पेन्शनचा रोलला (गाडीच्या बाजूला कलण्याला) होणारा विरोधच काढून टाकून त्यावर तोड काढली गेली.

फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत 2 जुलै 1967 ला ब्रँड्स हॅचवर झाली. फोर्ड कॉर्टिना मोटारीचं इंजिन, रस्त्यावरचे टायर आणि गाडीला 1000 पौंडांची कमाल किंमत. आमच्या मते या सगळ्यांत नीट बांधलेला नियम हाच. पळवाट तरीही निघालीच : इंजिन ‘स्टॉक’, पण डझनभर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तोलून, मोजून, कारखान्याने दिलेल्या मर्यादेच्या बरोब्बर कडेला बसणारे निवडायचे. नियमात बसतं आणि पैसे मोजून मिळतं.

भारतात असं काही झालं का? — रत्नागिरी

झालं, दक्षिणेत. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती 800 च्या तीन सिलिंडर, 796 सीसी इंजिनावर एकासनी गाडी उभी केली. नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला मारुतीमधूनच वर आला. कोइम्बतूरजवळचा ट्रॅक करिवर्धन यांच्याच नावाने ओळखला जातो.

आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीला केटीएम 390 चं इंजिन आहे. हवेची वाट अरुंद करणाऱ्या 20 मिमीच्या रिस्ट्रिक्टरमुळे वरच्या आरपीएमला ताकद पडते. भोकच लहान, मग इलाज काय? — पुणे

आधी आकडे बघा. 20 मिमीच्या भोकातून जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे 74 ग्रॅम हवा जाते. चाकणला बनणारं तुमचं 373 सीसी इंजिन 9000 आरपीएमला, पूर्ण भरलं तरी, साधारण 33 ग्रॅम मागतं. सरासरीने बघितलं तर रिस्ट्रिक्टर निम्मासुद्धा भरत नाही!

अडचण सरासरीची नाही, झटक्यांची आहे. एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतो, तोही जेमतेम पाव वेळात. त्या क्षणी मागणी चौपट होते आणि भोक तुंबतं. म्हणून रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये प्लेनम, म्हणजे हवा साठवणारा डबा, हवा. तुमच्या पत्रातल्या चित्रात तो पाऊण लिटरचा दिसतो, म्हणजे इंजिनाच्या दुप्पट. एका सिलिंडरच्या इंजिनाला तो फारच लहान. दोन ते तीन लिटरचा करून बघा. फार मोठा केला तर थ्रॉटल दाबल्यावर प्रतिसाद उशिरा येतो, ते ट्रॅकवर पाहूनच ठरवावं. रिस्ट्रिक्टरनंतरचा फुगता शंकू मध्यरेषेपासून साधारण 7 अंशांपेक्षा जास्त उघडू नका, हवा भिंत सोडते.

आणि थ्रॉटल रिस्ट्रिक्टरच्या आधी, प्लेनम नंतर, हा क्रम तपासणीला येण्यापूर्वी नियमावलीत पुन्हा एकदा वाचून घ्या. प्लेनमच्या जोडावर साबणाचं पाणी लावून आतून हलका दाब द्या. बुडबुडा आला तर तिथून चोरटी हवा जाते, मिश्रण लीन होतं आणि तपासनीस रिस्ट्रिक्टर बंद करून इंजिन बंद पडतं का बघतात तेव्हा ते चालूच राहतं.