टीएसएच नॉर्मल आला तरी बाळंतपणातला रक्तस्राव डॉक्टरांना सांगा

बाळंतपणात खूप रक्त गेले, पान्हा फुटला नाही, दोन वर्षे पाळी आलेली नाही, थकवा हटत नाही आणि तरीही टीएसएच (थायरॉइडसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल, हे तुमचे वर्णन वाचताना मला माझेच जुने दिवस आठवले. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना मी पंखा बंद करून चादर पांघरून झोपत असे.

येथील एका दवाखान्यात चार वर्षे माझा फक्त टीएसएच तपासला गेला आणि दर वेळी "रिपोर्ट चांगला आहे, मन रमवा" असे सांगून मला परत पाठवले गेले. बाळंतपण कसे झाले, हे कोणी विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही. हीच चूक मला सर्वांत महागात पडली.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन आहे. थायरॉइड मंदावला की पिट्युटरी टीएसएच वाढवते. परंतु तिलाच इजा झाली असेल, तर तो पुरेसा वाढत नाही आणि रिपोर्ट फसवा येतो. गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते, त्यामुळे प्रसूतीत रक्तदाब कोसळल्यास तिचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. १९३७ मध्ये हॅरोल्ड शीहान यांनी हा विकार सविस्तर मांडला, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. पान्हा, पाळी, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारे हार्मोन) या चारही गोष्टी त्या एकाच ग्रंथीवर अवलंबून असतात.

मी डॉक्टर नाही आणि तुम्हाला हेच झाले आहे असा माझा दावा नाही. तरीही फ्री टी-४ (रक्तातले थायरॉइडचे हार्मोन), सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन (दूध येण्यासाठीचे हार्मोन) आणि सोडियम या तपासण्यांबद्दल एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांना, अवश्य विचारा. कॉर्टिसॉल पाहिल्याशिवाय थायरॉइडची गोळी सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. कॉर्टिसॉल कमी असताना केवळ ती गोळी घेतल्यास प्रकृती एकाएकी ढासळू शकते. मला आधी कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन दिले आणि मगच थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी. ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनचा डोस किती वाढवायचा, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे लागते.

जाताना प्रसूतीचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. माझे कार्ड ट्रंकेत बाळाच्या कुंची-झबल्यांखाली पडून होते. तीन बाटल्या रक्त चढवल्याची त्यावरची ओळ वाचताच नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "तुम्हाला पान्हा फुटला होता का?"