जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नव्याने रुजू झालेल्या ताईंसाठी

ताई, आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतं आणि ज्यांच्या वाढीत किंवा विकासात अडचण वाटते ती मुलं आपल्याकडे पाठवतं. पण चिठ्ठी दिली म्हणजे मूल जिल्हा रुग्णालयात पोचलं असं धरू नका. आशाताईंना फोन करा, आईला कोणत्या वारी सुट्टी असते ते विचारा. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, कानाची तपासणी एकाच दिवशी लावा. तीन विभागांचे तीन वार म्हणजे एसटीचे तीन हेलपाटे. दुसऱ्या खेपेनंतर माणसं येत नाहीत. मूल बोलत नसेल तर आधी ऐकू येतं का ते बघायचं, हे कधीच टाळू नका. यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय (काही दिव्यांगांसाठीचा आरोग्य विमा) वगैरे कागद होत राहतील, उपचार त्यांच्यासाठी अडवू नका. आणि व्यायाम आजीलाही शिकवा, दिवसभर मूल तिच्याच कडेवर असतं.