कोल्हापुरी चपला ड्रॉपशिपिंगने विकायच्या आहेत. शॉपिफाय घेऊ की वूकॉमर्स? दुकान कसं उभारू?

मी पुण्यातून असंच दुकान चालवते, चपलांचं आणि सोलापुरी चादरींचं. माल माझ्याकडे नसतो. ऑर्डर आली की कारागीर किंवा कारखानदार थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. तुम्ही शॉपिफाय की वूकॉमर्स (ऑनलाइन दुकान उभारायची दोन साधनं) विचारलंय, पण त्याआधी परत आलेला माल कोण ठेवून घेणार हे पुरवठादाराशी बोलून, लेखी ठरवून घ्या. सगळं गणित त्यावरच उभं आहे.

समजा, चपलेचा जोड ७९९ रुपयांना विकताय. पुरवठादाराला ४५०, कुरिअर ८०, प्रत्येक ऑर्डरमागे जाहिरातीला १२०. दहा ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीच्या गेल्या आणि दोन परत आल्या (कुरिअर त्यांचे परतीचे प्रत्येकी ७० वेगळे लावतो). पुरवठादाराने ते दोन जोड ठेवून घेतले, तर हातात ६५२ रुपये उरतात. नाही घेतले, तर २४८ रुपये खिशातून जातात. यात जीएसटी अजून धरलेलाच नाही.

चपला परत येतात त्या मुख्यतः मापामुळे. म्हणून तुमचं दुकान चपलेला साजेसं हवं: पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने आखा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा, हे चित्रासकट प्रत्येक जोडाखाली द्या. कातडं सुरुवातीला कडक लागतं, मग पायाला बसतं, हेही स्पष्ट लिहा. फोटो पुरवठादाराच्या व्हॉट्सअॅपवरचे उचलू नका. दोन-तीन जोड स्वतः विकत घ्या, वापरा आणि त्यांचेच फोटो काढा. चादरीचं दुखणं निराळं आहे. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागतात आणि हे वजन व खरं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. ४० × ३० × १० च्या खोक्याचं वजन २.४ किलो धरलं जातं, आत दीड किलोची चादर असली तरी. त्यामुळे घडी आणि खोक्याचं माप पुरवठादाराबरोबर बसूनच ठरवा.

‘कोल्हापुरी’ हे नाव लावण्याआधी माल कुठला ते तपासा. २०१९ साली या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांपुरतं आहे. दुसरीकडे बनलेल्या स्वस्त चपला या नावाने विकणं म्हणजे कारागिराच्या पोटावर पाय देणं, आणि कायद्यानेही ते चालत नाही. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे. तुमचा माल तिच्यात बसतो का, ते सीएला विचारा. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) राहून परराज्यात विकता येत नाही. पुरवठादार बिल तुमच्या नावाने करतो आणि माल गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर जातो. याला ‘बिल टू, शिप टू’ म्हणतात. गिऱ्हाइकाचं बिल तुमचं असतं, म्हणून पार्सलमध्ये पुरवठादाराचं दरपत्रक जाऊ नये हे आधीच सांगून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. एकट्याचं दुकान असेल तर तिथे तुमचंच नाव घाला. परतावा आणि गोपनीयतेची पानं तयार नसतील तर पेमेंट गेटवेची (साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायच्या सेवेची) मंजुरी अडकते.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुरवठादार एक-दोनच असतील आणि वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, वूकॉमर्स त्यावरच चालतं) हाताळता येत असेल, तर वूकॉमर्स घ्या. ते फुकट आहे, होस्टिंगचा खर्च तेवढा येतो. तांत्रिक भानगडी नको असतील तर शॉपिफायचं महिन्याचं भाडं भरा. दोन्हींना शिपरॉकेट (वेगवेगळी कुरिअर एकाच ठिकाणाहून ठरवायची सेवा) जोडता येतं आणि त्यात प्रत्येक पुरवठादाराचा पिकअप पत्ता वेगळा टाकता येतो. आधी पुण्याला आणि एखाद्या लांबच्या गावी ओळखीच्यांच्या नावाने ऑर्डर लावून बघा. पार्सल किती दिवसांत आणि कशा अवस्थेत पोचतं ते पाहूनच जाहिरातीवर पैसे घाला.